सहीपुरती गप्प

तीस वर्षं मी सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. लघवी, शौच, थुंकी, रक्त. सकाळी टेबलावर डब्यांची रांग लागलेली असायची आणि मी एकेक डबा उघडून कामाला लागायचे. नव्याने लागलेल्या मुली पहिले काही दिवस नाकाला रुमाल लावत. मला त्याचं हसू यायचं. मी दुपारी त्याच खोलीच्या बाहेर बसून हात धुऊन डबा खायचे. 'हिला कशाची किळस येत नाही,' असं घरात सगळे म्हणत आणि मलाही ते खरं वाटायचं. निवृत्त झाल्यावर नागावच्या वाडीत घर बांधायला काढलं आणि ते खोटं ठरलं.

घर बांधायचं कारण म्हणजे माझ्या नवऱ्याचे गुडघे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर गाड्यांखाली वाकून त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. आमचा अलिबागचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. शेवटी शेवटी तर ते आठवड्यातून एकदाच खाली उतरत, दाढी-कटिंग करायला, आणि वर येताना प्रत्येक जिन्यावर पाच मिनिटं बसत.

नागावला माझ्या वडिलांची नारळ-पोफळीची वाडी आहे. रस्त्याच्या बाजूला जुनं घर, त्यात माझा मोठा भाऊ आणि वहिनी राहतात. मागचा भाग मोकळा. वडील गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की पुढची बाजू दादाची, मागची माझी. पण हे तोंडी. सात-बाऱ्यावर दोघांची नावं एकत्र.

घराचा नकाशा नवऱ्याने स्वतः काढला, शाळेच्या आलेखवहीच्या कागदावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी. कुठेही उंबरा नाही. संडासात भिंतीला धरायला दांड्या. आम्ही दोघांनी एका रविवारी टेप घेऊन झाडांमधली अंतरं मोजली. एकही नारळ तोडावा लागणार नव्हता, फक्त चार पोफळी जाणार होत्या. त्या संध्याकाळी ते इतके खूश होते की खुर्चीवरून उठताना नेहमीसारखं 'आई गं' म्हणायचंही विसरले.

निवृत्तीचे पैसे होते, पण ते पुरणार नव्हते. म्हणून बँकेत गेलो. तिथला कर्जाचा साहेब माझ्या मुलाच्या वयाचा, गोड बोलणारा. त्याने पेन्शनची कागदपत्रं पाहिली, नकाशा पाहिला आणि तो थोडा हसला.

"मॅडम, जागा कुठे आहे? नागाव ना? मग स्वतःला राहायला घर कशाला दाखवताय? चार खोल्यांचं होमस्टे दाखवा. पुढे छोटा स्विमिंग पूल. उत्पन्न दाखवता येतं, कर्ज दुप्पट होतं."

"पण मला होमस्टे काढायचंच नाही," मी म्हटलं.

"नका काढू. कागदावर काढा. नंतर कोण बघायला येतंय?"

"म्हणजे खोटं लिहायचं?"

"खोटं नाही मॅडम, अंदाज." असं म्हणून त्याने मोबाइलवर एका बंगल्याचा फोटो दाखवला. निळ्या पाण्याचा चौकोन, कडेला प्लास्टिकचं गवत. ज्या वाडीत तो बंगला उभा होता ती मला माहीत होती. लहानपणी आम्ही तिथे जायफळं वेचायला जायचो. फोटोत एकही झाड नव्हतं. मी मोबाइल त्याच्याकडे परत सरकवला. नवरा शांतपणे म्हणाला, "आम्हाला राहायचंय. जेवढं बसतं तेवढं सांगा."

तेवढं थोडं होतं, पण चालणार होतं. अट एकच: वाडीची रीतसर वाटणी होऊन माझा तुकडा माझ्या नावावर वेगळा हवा. म्हणजे वाटणीपत्रावर दादाची सही हवी.

दादाबद्दल सांगायला हवं. तो वाईट माणूस नव्हता. माझी शाळेची फी त्याने नारळ विकून भरली होती. पण चक्रीवादळात पुढची पन्नास-साठ झाडं आडवी झाली, त्यानंतर तो बदलला. पडलेल्या पोफळींच्या जागी त्याने आधी दोन खोल्या बांधल्या, पाहुण्यांसाठी. मग चार झाल्या, मग सहा. प्रत्येक खोलीला संडास. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या वाडीत शिरायच्या. सोमवारी मी गेले की वहिनी झाडांच्या आळ्यांतून बाटल्या, चिकनची हाडं आणि पोरांचे लंगोट काठीने गोळा करत असायची. सहा खोल्यांचा स्वयंपाक, धुणं, झाडलोट सगळं तिच्या एकटीवर. दादा फोनवर बुकिंग घ्यायचा आणि वाळूत पाहुण्यांसाठी बार्बेक्यू पेटवायचा.

सहीचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "देतो की. घाई कसली? सीझन संपू दे."

मी म्हटलं बरं. तोवर रेवदंड्याच्या एका गवंड्याला जागा दाखवायला बोलावलं. वयस्कर, कामाचा माणूस. त्याने दोरी लावली, जोत्याचे कोपरे आखले आणि मग विचारलं, "ताई, शौचालयाची टाकी कुठं घेनार? भावाची कुठं हाय ती बघू, नायतर जवळजवळ यायच्या."

दादाची टाकी कुठे आहे मला माहीत नव्हतं. गवंड्याने नव्या खोल्यांच्या मागे पायाने गवत चाचपलं. एका जागी शहाबादी फरशी लागली. त्याने पहारीने ती उचलली.

त्याबरोबर खालून गरम वाफ आली. फरशीची खालची बाजू झुरळांनी तपकिरी झाली होती, ती सगळी एकदम सैरावैरा पळाली, काही माझ्या चपलेवरून. खाली टाकी नव्हतीच. जांभ्याचे चिरे नुसते एकावर एक रचलेले, मध्ये चुना नाही, सिमेंट नाही, आणि तळ म्हणजे वाळू. सहा संडासांचा मैला त्यात येत होता आणि आपोआप कमी होत होता.

"हे असं बांधतात?" मी विचारलं.

"सगळीकडं असंच हाय ताई. खाली रेती. पानी मुरून जातं, खड्डा कधी भरत न्हाय. उपसायला नको, काय नको."

"मुरून कुठे जातं?"

तो हसला. "जमिनीत."

मी मान वर केली. समोर विहीर होती. आमचीच. टेप काढून मोजलं तर अठरा फूट. पन्नास तरी हवेत, हे मी कित्येक वर्षं लोकांना समजावून सांगत आले होते.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा घाणीपुढे ओकले. पोफळीला धरून उभी राहिले आणि सकाळचा चहा-पाव सगळा बाहेर आला. डब्यात बंद असलेली घाण मी हजारदा पाहिली होती. पण ही माझ्या घरच्या विहिरीत उतरत होती.

दुसऱ्या दिवशी निर्जंतुक बाटली घेऊन गेले, विहिरीच्या पाण्याचा नमुना काढला आणि माझ्या जुन्या सहकारी बाईकडे तपासायला दिला. निकाल काय येणार हे मला ठाऊक होतं. तरी कागदावर 'पिण्यास अयोग्य' हे शब्द मी दोनदा वाचले. त्या पाण्यात माणसाच्या विष्ठेतले जंतू होते, आणि थोडेथोडके नाही.

रिपोर्ट घेऊन मी दादाकडे गेले. तो ओट्यावर पाण्याचे वीस लिटरचे जार उतरवून घेत होता. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"कुणाला दाखवलास?"

"तपासणाऱ्या बाईला माहीत आहे. आणखी कुणाला नाही."

"पाहुण्यांना मी जारचं पानी देतो. इकतचं."

"आणि भात कशात शिजतो?"

"उकळतंच ना ते."

"भांडी? कोशिंबीर? वहिनी कुठलं पाणी पिते, दादा?"

दादा जार नीट रांगेत लावत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला सही पायजे ना?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"संबंध हाय. मे महिना तोंडावर आलाय. सगळ्या खोल्या भरल्यात. तू आता गावभर बोंब मारलीस तर बुकिंगं जातील, माझे कर्जाचे हप्ते थकतील. मग मी सही कशाला देऊ? पावसाळ्यात बघू खड्ड्याचं. तवर गप्प ऱ्हा."

इतक्यात वहिनी चहा घेऊन आली. तीन कप. मी म्हटलं, "मला नको, ॲसिडिटी झालीय." ती हिरमुसली, कारण माझ्यासाठी तिने गवती चहा घातला होता. माझा कप तिने परत आत नेला नाही. स्वतःचा संपवला आणि उभ्या उभ्या माझाही प्यायली.

तिच्याकडे बघत मी एवढंच म्हटलं, "वहिनी, पाणी उकळून पीत जा."

"का गं?"

दादा माझ्याकडे बघत होता.

"उन्हाळा आहे म्हणून," मी म्हटलं.

त्यानंतर मी दादाला म्हटलं, "ठीक आहे." एवढंच. हे दोन शब्द उच्चारायला मला फार कष्ट पडले असं सांगायला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. सहज निघाले. परतताना रिक्षात बसून मी जोत्याच्या जांभ्याचा विचार करत होते.

वहिनीला उकळायला वेळ कुठला! पहाटेपासून सोळा-सोळा माणसांचा नाश्ता. तहान लागली की माठात तांब्या बुडवायचा आणि प्यायचं. जारचं पाणी विकतचं, ते स्वतःवर कसं खर्च करायचं? मला हे सगळं माहीत होतं. पुढचा दीड महिना मी आणि नवरा वाडीत जाताना अलिबागहून आपल्या पाण्याच्या बाटल्या नेत होतो. नवऱ्याने एकदा विचारलंसुद्धा, "वहिनीसाठी एक भरून घेऊ का?" मी म्हटलं, "दादा विचारेल कशाला आणली." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण जेवताना माझ्याशी बोलणं कमी केलं.

दादाने शब्द पाळला. पंधरा दिवसांत सही झाली, नोंदणी झाली. फेरफार लवकर व्हावा म्हणून एकाने 'चहापाण्याचं' मागितलं, तेही मी दिलं. कधी काळी मी त्यासाठी एका माणसाशी दवाखान्यात भांडले होते. या वेळी पाकीट पुढे सरकवताना मला हात धुवावेसे वाटले, पण पाकीट मागे घेतलं नाही. सात-बारा वेगळा झाला, कर्ज मंजूर झालं. जोतं बांधून झाल्यावर पहिला हप्ता मिळायचा होता.

जोत्याचे चर खणायला सुरुवात झाली त्या आठवड्यात वहिनी आजारी पडली. आधी ताप, मग अन्न नको, वास नको. मला दादाचा फोन आला, "जरा येऊन बघ, नाटकं करतेय की काय कळत न्हाय. खोल्या भरलेल्या हायत." मी गेले तर ती भांडी घासायच्या दगडाजवळ भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. हळदीसारखी पिवळी.

अलिबागला दवाखान्यात दाखल केलं. दूषित पाण्यातून होणारी कावीळ. रक्ताचा रिपोर्ट मी स्वतः वाचला आणि आकडे बघून बाकावर बसले. या आजाराला अंगात मुरायला काही आठवडे लागतात. म्हणजे मी ते पाणी तपासायच्या आधीच तिला लागण झाली असेल, असंही असू शकतं. हा हिशोब मी त्या बाकावर बसून केला, नंतरही अनेकदा केला. दर वेळी तो मला निर्दोष ठरवायच्या अगदी जवळ यायचा. आणि दर वेळी त्याची मला फरशीखालच्या त्या खड्ड्याहून जास्त किळस यायची.

दादा रोज यायचा. कुणीतरी दिलेलं झाडपाल्याचं औषध आणायचा. भेटायला आलेल्या नातेवाइकांना सांगायचा, "बाजारात उसाचा रस प्यायली. शंभरदा सांगितलं, बाहेरचं पिऊ नको." वहिनी पडून ऐकायची. ती वर्षभरात बाजारात किती वेळा गेली होती ते तिलाच ठाऊक. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने हेच तिच्या भावाला, चौलहून आलेल्याला, सांगितलं आणि वर तिच्याकडे वळून म्हणाला, "व्हय ना गं?" तिने मान हलवली. व्हय म्हणून.

ते दोघे बाहेर गेल्यावर मी तिच्या खाटेजवळ स्टूल ओढलं.

"वहिनी, उसाच्या रसाने नाही झालं. आपल्या विहिरीचं पाणी खराब आहे. दादाच्या खड्ड्यामुळे."

ती छताकडे बघत म्हणाली, "तुला कसं कळलं?"

"मी तपासून घेतलं होतं."

"कवा?"

"एप्रिलमध्ये."

शेजारच्या खाटेवरच्या बाईचं पोर रडत होतं, ते गप्प झालं. मग म्हणाली, "म्हणून तू चहा प्यायली न्हायस त्या दिवशी."

"हो."

"सहीसाठी?"

"हो, वहिनी."

तिने कूस बदलली. "पानी दे," म्हणाली. मी बाटली झाकण उघडून पुढे केली तर तिने माझ्या हातातून घेतली नाही. मी बाटली खाटेच्या कडेला ठेवली, मग तिने उचलली.

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला फोन केला आणि जोत्याचं काम थांबवायला सांगितलं. नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यांना बरंचसं कळलेलंच होतं. त्यांनी आलेखवहीचा कागद काढला आणि एक खोली पेन्सिलीने खोडली. "आपल्याला दोन कशाला लागतात," एवढंच म्हणाले. त्या खोलीच्या पैशांत मी दोन्ही घरांसाठी एक टाकी बांधायची ठरवली. तीन कप्प्यांची, तळाला काँक्रीट, आतून गिलावा, विहिरीपासून दूर रस्त्याच्या कोपऱ्यात.

दादाने अडवायचा प्रयत्न केला. "माझ्या बाजूला खणायचं न्हाय."

"मग मी रिपोर्टची प्रत फाटकावर चिकटवते," मी म्हटलं. "तुझी सही झालीय आता."

हे बोलतानाचा माझा आवाज मला अजून आठवतो. त्यात धैर्य नव्हतं. हातात कागद आल्यावर येतो तो जोर होता, दादाच्या आवाजात होता तसाच.

नवी टाकी तयार झाल्यावर जुन्या खड्ड्यातला मैला उपसायला टँकर आला तेव्हा वाडीत दोन गाड्या उतरलेल्या होत्या. पाइप खड्ड्यात गेला आणि अर्ध्या तासात सगळ्या नागावात वास पसरला की काय असं वाटलं. पाहुणे नाक दाबून, शिव्या देत, पैसे परत मागत निघून गेले. त्यांचाच मैला होता तो, पण त्यांच्या चेहऱ्यावर अशी घृणा होती, जणू आम्हीच तो तयार केलाय. दादा दार लावून आत बसला. मग तो खड्डा बुजवला, विहीर उपसली, गाळ काढला, ब्लीचिंग पावडर टाकली. पावसाळ्यात पाणी दोनदा तपासलं. दुसऱ्या वेळी स्वच्छ आलं.

वहिनी दवाखान्यातून सरळ चौलला माहेरी गेली. गणपतीतही आली नाही. दादाने तीन-चारदा फेऱ्या मारल्या. दसऱ्यानंतर ती परतली ती अट घालूनच: सहापैकी तीन खोल्या बंद, आणि झाडलोटीला पगारी बाई. दादाने कबूल केलं. त्याला पर्याय नव्हता, तिच्याशिवाय एक दिवसाचं जेवणही निघत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी त्याने फाटकावर नवा बोर्ड लावला: 'घरगुती जेवण. विहिरीचं शुद्ध पाणी.' मी बोर्डासमोर उभी राहून वाचला. दादा ओट्यावरून म्हणाला, "खोटं हाय का?" खोटं नव्हतं. तरी मला थुंकावंसं वाटलं.

आमचं घर जानेवारीत पुरं झालं. एक खोली, स्वयंपाकघर, पडवी. नवरा दिवसातून दहा वेळा बाहेर जातो आणि आत येतो, कारण जाता येतं. सकाळी ते नारळांखाली काठी टेकत फिरतात, आळ्यांतली पानं वेचतात. त्यांना बघून घर बांधलं ते बरं केलं असं वाटतं. मग मला बाकीचं आठवतं.

गावातल्या बाकी वाड्यांचं काय, हा प्रश्न मी ग्रामसभेत उभी राहून विचारला. आमच्या खड्ड्याचं सांगितलं, माझ्या गप्प राहण्याचंही सांगितलं. मागून एक जण म्हणाला, "आता घर झालं, आता सुचतंय." त्याचं चूक नव्हतं. सभा संपल्यावर मात्र पाच-सहा बायका एकेक करून आल्या आणि विहिरीचं पाणी तपासून द्याल का म्हणून हळूच विचारलं. मी नमुने नेले. एक सोडून सगळे खराब निघाले. त्यातल्या दोघींनी खड्डे बदलून घेतले. बाकीच्यांच्या घरी अजून पाहुणे उतरतात, मागे मांडव घालून लग्नंही होतात.

काविळीनंतर यकृत नीट आहे ना हे बघायला वहिनीचं रक्त दर दोन-तीन महिन्यांनी तपासावं लागतं. तिला मीच अलिबागला घेऊन जाते. रिक्षात ती बोलते: सुरमई महागली, पगारी बाई सांगितल्याशिवाय कोपऱ्यातलं झाडत नाही, भावाच्या मुलीला पुण्याचं स्थळ आलंय. गेल्या खेपेला सुई टोचायच्या आधी तिने पदर खांद्यावरून घेतला आणि मला म्हणाली, "तू बाहेर बस. मना जमतं एकटीला." मी बाहेर बाकावर बसले. अर्ध्या तासाने दंडावर कापूस दाबत ती बाहेर आली आणि माझी वाट न बघता रिक्षा थांब्याकडे चालू लागली. मी उठून मागोमाग निघाले.